त्याला किती सुटले?

आईला सगळी गोष्ट सांगून झाली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "आणि त्याला स्वतःला किती सुटले?" व्हिडिओ कॉलवर तिचा निम्मा चेहरा दिसत होता, उरलेल्या जागेत छताचा पंखा फिरत होता. मुलीच्या शाळेला ज्याचं नाव आहे त्या विल्यम मॅकिंटॉशबद्दल, दोनशे वर्षांपूर्वीच्या एका मूळनिवासी अमेरिकन सरदाराबद्दल, मी तिला सांगत होते. कसा मोठा झाला, कुठल्या कागदावर सही केली, कसा मारला गेला. मला वाटलं होतं ती हळहळेल, नाहीतर "मेला फितूर" म्हणून मोकळी होईल. तिला त्यातलं काहीच करायचं नव्हतं, आकडा हवा होता. तो मला पाठ होता. "पंचवीस हजार डॉलर," मी म्हटलं, "१८२५ सालचे." "मग बरोबर आहे," ती म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवून गेली. काय बरोबर आहे, ते काही तिनं सांगितलं नाही.

आम्ही अटलांटाच्या दक्षिणेला, पीचट्री सिटीत राहतो. इथं लोक दुधाची पिशवी आणायलासुद्धा गोल्फकार्टमधून जातात, झाडीतून वळणं घेणाऱ्या वेगळ्या वाटा आहेत त्यासाठी. मॅकिंटॉश हे नाव या गावात पदोपदी भेटतं. मॅकिंटॉश हायस्कूल, तिच्या संघाचं नाव 'चीफ्स'. लेक मॅकिंटॉश. शेजारच्या सनोय गावाचं नाव त्याच्या आईवरून पडलं असं सांगतात. गावाच्या पश्चिमेला लाइन क्रीक नावाचा ओढा आहे, खडकांवरून खळखळत जाणारा, उन्हाळ्यात पोरं त्यात पाय सोडून बसतात. तोच आमच्या काउंटीची हद्द. ओढ्याच्या अलीकडची जमीन इथल्या मूळनिवासी मस्कोगी लोकांच्या हातून, म्हणजे ज्यांना इंग्रज क्रीक म्हणत त्यांच्या हातून, १८२१ साली गेली. पलीकडची आणखी चार-पाच वर्षांनी. दोन्ही वेळच्या कागदांवर विल्यम मॅकिंटॉशचं नाव आहे. आमचं घर अलीकडे, मुलीच्या मैत्रिणीचं पलीकडे. शनिवारी तिला सोडायला जाताना पूल ओलांडला की माझ्या मनात नेमकं हेच येतं, आणि ते कुणाला सांगावं तर समोरचा पोलाइटली हसतो.

त्याची गोष्ट इथं बहुतेकदा एका साच्यात घालून सांगतात. बाप स्कॉटिश कॅप्टन, आई क्रीक, त्यामुळे बिचारा दोन जगांच्या मधोमध अडकलेला, धड इकडचा ना तिकडचा. मला हे मुळीच पटत नाही. क्रीक लोकांत कूळ आईकडून येतं. सेनोया वायुकुळातली, म्हणजे मोठ्या मानाच्या घरातली. तिचा मुलगा कोवेटा गावात कुणाच्याही लेखी अर्धा नव्हता. मामा, मावशा, कुळाचा अधिकार, सगळं जन्मापासून पूर्ण. ज्यानं पुढं त्याला मारलं त्या मेनावाचाही बाप बहुधा गोराच होता, त्याला कुणी दोन जगांतला म्हणत नाही. बापाकडून मॅकिंटॉशला जे मिळालं ते वेगळंच होतं : इंग्रजी, आणि ओळखी. जॉर्जियाचा गव्हर्नर जॉर्ज ट्रूप, क्रीकांची शेवटची एकरभर जमीनही राज्यात राहू नये म्हणून धडपडणारा, हा त्याचा बापाकडून नात्यातला भाऊ लागे. आईकडून अधिकार आणि बापाकडून ओळखी असलेला माणूस अडकलेला नसतो. त्याच्यासाठी दोन्ही दारं उघडी असतात.

त्याचं एक चित्र आहे, मी ते फोनवर पुन्हा पुन्हा मोठं करून पाहते. झालरीचा पांढरा सदरा, गळ्याला काळा रुमाल, लांब कोट, कमरेला विणलेला पट्टा, पायात मोकासिन. एकही गोष्ट उसनी वाटत नाही त्याच्या अंगावर. घरात तीन बायका, दोन क्रीक आणि एक चेरोकी. नदीवर स्वतःची तर, म्हणजे नावेचा उतारा. मळे, गुरं, आणि त्या मळ्यांत राबणारे काळे गुलाम. इंडियन स्प्रिंग्ज इथं गंधकाच्या झऱ्याशेजारी त्यानं हॉटेल बांधलं, लाकडी, दुमजली. ते अजून उभं आहे. खरं सांगायचं तर मला तो आवडतो, आणि ते मला आवडत नाही. मेनावाची कल्पना करायला मला कष्ट पडतात. मॅकिंटॉश मात्र मी पाहिलेला आहे. कुठल्याही कार्यक्रमात तो असतो, दोन भाषांत सारखाच सहज विनोद करणारा, कुणाला कुणाशी ओळख करून द्यायची हे जाणणारा, सगळ्यांना हवा असलेला. आम्ही इथं आलेले बरेचजण तसंच व्हायला बघतो की.

पण गुलामांवरून पटकन पुढं जाता येत नाही. १८१६ साली स्पॅनिश फ्लोरिडात, अपालाचिकोला नदीकाठच्या एका किल्ल्यात पळून आलेले शेकडो गुलाम बायकापोरांसह राहत होते. अमेरिकन सैन्य तिथं गेलं तेव्हा त्यांच्याबरोबर मॅकिंटॉश आपले योद्धे घेऊन होता. तापवलेला तोफगोळा दारूच्या कोठारावर पडला आणि एका क्षणात बहुतेक सगळे मेले. वाचलेल्यांची रवानगी पुन्हा गुलामीत. ट्रूपचा भाऊ, अमेरिकन सेनापती अँड्र्यू जॅक्सनचा सोबती, हॉटेलमालक अशा सगळ्या ओळखींच्या खाली हेही आहे, आणि त्याच्याविषयी बोलताना 'स्वतःच्या लोकांना विकणारा' एवढंच म्हटलं की हे दुसरे लोक हिशेबातून गळतात.

अँड्र्यू जॅक्सनबरोबर तो त्याआधीच लढला होता. १८१३-१४ चं युद्ध क्रीकांचं आपसातलंही होतं. गोऱ्यांची रीत नको म्हणणारे रेड स्टिक एकीकडे, मॅकिंटॉशसारखे दुसरीकडे. २७ मार्च १८१४ ला हॉर्सशू बेंडला, टॅलापूसा नदीच्या नालेच्या आकाराच्या वळणात, रेड स्टिक जवळजवळ संपले. त्यांचा एक म्होरक्या मेनावा अंगावर अनेक जखमा घेऊन रात्री तिथून सरपटत निसटला. त्याचं दुकान, गुरं, घोडे सगळं गेलं. मग ऑगस्टात जॅक्सननं तहाला बोलावलं आणि दोन कोटी वीस-तीस लाख एकर जमीन मागितली. त्यातली बरीचशी शत्रूंची नव्हतीच, जॅक्सनच्या बाजूनं लढलेल्या क्रीकांची होती. त्यांनी विचारलं, हे कसं? उत्तर मिळालं की सही करा नाहीतर फ्लोरिडाची वाट धरा. या तंबूत मॅकिंटॉशनं काय शिकलं असेल याचा मी पुष्कळ विचार करते. बरोबर लढूनही जमीन जाते, हे तर सगळेच शिकले. त्यातून काहींनी ठरवलं की आता एक फूटही द्यायची नाही. त्यानं बहुधा उलटं ठरवलं : जाणारच आहे, तर आपल्या हातून जाऊ दे. तसंही १८०२ मध्येच वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारनं जॉर्जियाला लिहून दिलं होतं की तुमच्या हद्दीतल्या इंडियन, म्हणजे मूळनिवासी, लोकांचे हक्क आम्ही जमेल तसे काढून घेऊ. ज्यांचे हक्क होते त्यांना त्या लेखी व्यवहारात कुणी विचारलं नव्हतं.

पुढची दहा वर्षं पैसा त्याच्या हातावरून जात राहिला. जमिनीच्या बदल्यात वॉशिंग्टनहून दरसाल जी रक्कम यायची ती सरकारी एजंट आणि मॅकिंटॉश यांच्या मर्जीनं वाटली जाई, आणि कित्येकदा रोख न देता त्यांच्याच दुकानातला चढ्या भावाचा माल लोकांच्या माथी मारला जाई. १८२१ च्या करारात झऱ्याभोवतीचे हजार एकर आणि ओकमल्गी नदीकाठचे त्याच्या मळ्याचे सहाशे चाळीस एकर बाजूला राखून ठेवले गेले. आणि याच काळात क्रीक राष्ट्रसभेनं कायदा केला : सभेच्या संमतीवाचून जो जमीन विकेल त्याला देहान्त. तो कायदा करणाऱ्यांत, भर सभेत बोलून दाखवणाऱ्यांत मॅकिंटॉश स्वतः होता.

१८२३ मध्ये त्यानं चेरोकी या शेजारच्या राष्ट्राचा पुढारी जॉन रॉस याला पत्र लिहिलं. तुम्ही जमीन द्यायला तयार झालात तर कमिशनर तुम्हाला दोन हजार देतील, अमक्याला इतके, तमक्याला तितके, कुणाला कळणार नाही. रॉसनं ते चेरोकींच्या भरसभेत वाचायला दिलं, मॅकिंटॉश तिथं बसलेला असताना. मला या प्रसंगातली लाज समजते. न समजणारी गोष्ट ही की एवढं होऊनही तो थांबला नाही. कदाचित त्याला ती लाच वाटलीच नसेल, सगळा व्यवहार असाच चालतो असं वाटत असेल. ज्याच्याशी त्याचा रोजचा संबंध होता त्या गोऱ्या जगात तो खरोखर तसाच चालत होता.

आता आईकडे येते. आमचं गाव पुण्यापासून तासाभरावर. मोठा प्रकल्प येणार म्हणून जमिनी जायला लागल्या तेव्हा एजंट काही बाहेरून आला नाही. भावकीतलाच होता, लग्नाकार्यात पुढं असणारा, तलाठ्याच्या खांद्यावर हात टाकून बोलणारा. आमच्या ओसरीवर चहा घेत म्हणायचा, "वहिनी, जमीन जाणारच आहे. मी मधे असलो तर निदान भाव तरी बरा येईल." ते खोटं नव्हतं, भाव बरा आला. आईनं सही केली. तिचा त्याच्यावर राग नाही, दिवाळीला त्याच्या घरी फराळाचा डबा जातो. पण मधल्या मधे त्याला किती सुटले ते तिला कुणी सांगितलं नाही, आणि ते तिला अजून हवं आहे. माणूस चांगला की वाईट हे तिला त्यावरून ठरवायचं नाही. तिला फक्त हिशेब पुरा करायचा आहे. मॅकिंटॉशचा हिशेब लागला म्हणून ती "बरोबर आहे" म्हणाली असणार.

तरी साम्य इथं संपतं. आमचा सातबारा आईच्या नावावर होता. ती नाही म्हणू शकली असती, निदान कागदावर तरी. मॅकिंटॉशनं जे विकलं ते त्याचं नव्हतंच. ते कुणा एकाचं नव्हतंच.

इंडियन स्प्रिंग्जला गेलात तर गाडीतून उतरताच वास येतो, उकडलेल्या अंड्यांचा. दगडी छपराखाली नळातून झऱ्याचं पाणी पडत असतं आणि लोक प्लास्टिकचे कॅन घेऊन ते भरायला येतात, म्हणतात पोटाला चांगलं, सांध्यांना चांगलं. मी ओंजळभर प्यायले, घशाखाली उतरवताना डोळे मिटावे लागले. शेजारीच हॉटेल. पायऱ्या झिजलेल्या, आत जुन्या लाकडाचा आणि धुळीचा थंड वास. १२ फेब्रुवारी १८२५ ला या ठिकाणी जॉर्जियातली उरलेली सारी क्रीक जमीन आणि अलाबामातला मोठा तुकडा चार लाख डॉलर आणि मिसिसिपीपलीकडच्या तेवढ्याच जमिनीच्या बदल्यात गेला. बहुतेक गावांचे लोक सही न करता निघून गेले होते, काहीजण तर आदल्या रात्री अंधारात. वरच्या गावांच्या वतीनं बोलायला आलेला ओपोथलेयाहोला शेवटपर्यंत विरोध करत राहिला. त्यानं मॅकिंटॉशला काय बजावलं त्याचे शब्द निरनिराळे सांगतात, आशय एकच : कायदा तुला माहीत आहे. कराराला एक जादा कलम जोडलं होतं. झऱ्याचे हजार एकर आणि ओकमल्गीकाठचे सहाशे चाळीस मॅकिंटॉशकडून विकत, पंचवीस हजार डॉलर. आईचा आकडा हा.

सही करताना त्याला मरण दिसत होतं का? दिसत असावं, कारण त्यानं संरक्षण मागितलं आणि ट्रूपनं ते कबूलही केलं. तरीही एप्रिलमध्ये, मुदतीच्या वर्षभर आधीच, जमिनीची मोजणी सुरू करायला त्यानं ट्रूपला परवानगी दिली. हे वाचताना मला खरोखर ओरडून सांगावंसं वाटतं त्याला. मोजणीदाराची साखळी शिवारात पडली की काय होतं हे कुठल्याही शेतकऱ्याला कळतं. करार कागदावर असतो तोवर त्यावर बोलता येतं, भांडता येतं. खुंट्या ठोकल्या की गावाला कळतं, आता गेली.

३० एप्रिलच्या पहाटे मेनावा दीडशेच्या वर माणसं घेऊन चॅटाहूची नदीकाठच्या मॅकिंटॉशच्या घराला वेढा घालून होता. सभेनं पाठवलेले कायदा राखणारे होते ते, लुटारू नव्हते. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण जॉर्जियातल्या वर्तमानपत्रांनी तो लगेच पुसून टाकला. त्यांनी घरातल्या गोऱ्या पाहुण्यांना आणि बायकामुलांना बाहेर येऊ दिलं. मुलगा चिली खिडकीतून उडी मारून नदी पोहून निसटला. घर पेटवलं, मॅकिंटॉश बाहेर ओढला गेला आणि मारला गेला. त्याच्यासोबत सही करणारा एटोमी टस्टनगीही तिथंच, आणि जावई सॅम हॉकिन्स त्याच दिवशी, नंतर. आता तिथं काउंटीचं उद्यान आहे. थडगं आहे, आणि दुसरीकडून आणून उभं केलेलं त्या काळातलं लाकडी घर. खाली नदी उथळ आहे, दगडांवरून पाण्याचा सतत आवाज येतो, तंबू टाकून लोक मांस भाजत असतात.

बायकांनी कमिशनरांना पत्र लिहिलं. नवऱ्याचं रक्त तुमच्या मैत्रीपायी सांडलं, एवढंच त्याचं सार.

खून म्हणावं की शिक्षेची अंमलबजावणी? मी दुसऱ्या बाजूची आहे, पण पूर्ण खात्रीनं नाही. कायदा होता, जाहीर होता, आरोपीनंच केलेला होता. मग वाटतं, सबंध राष्ट्राच्या हातात उरलेलं हत्यार एवढंच होतं का, आपल्यातल्याच एकाला मारणं? ट्रूपपर्यंत त्यांचा हात पोचणार नव्हता. कमिशनर कॅम्पबेल आणि मेरिवेदर आपापल्या घरी सुखरूप होते.

आणि त्या मरणाचा उपयोग झाला, हेच जास्त छळतं. अध्यक्ष अ‍ॅडम्सनं चौकशी केली, करार लबाडीचा ठरला, आणि जानेवारी १८२६ मध्ये वॉशिंग्टनला नवा करार होऊन जुना रद्द झाला. सेनेटनं मंजूर केलेला इंडियन करार असा रद्द होणं त्याआधी घडलं नव्हतं. ओपोथलेयाहोलाचं शिष्टमंडळ जिंकून आलं. मेनावाही त्यात होता. म्हणजे जिंकलं काय, तर जॉर्जियातली जवळजवळ सगळी जमीन याही करारानं गेली, फक्त पैसे जास्त मिळाले आणि अलाबामातला भाग वाचला. ट्रूपनं तेही मानलं नाही, त्याचे मोजणीदार जुन्याच करारानं चालत राहिले, वॉशिंग्टनला त्यानं युद्धाची धमकी दिली. उरलेला तुकडा १८२७ च्या अखेरीस गेला. नव्या कराराचा मसुदा करायला शिष्टमंडळानं चिटणीस म्हणून नेला होता जॉन रिज हा तरुण चेरोकी, शिकलेला, हुशार. त्यानं आणि काही प्रतिनिधींनी त्या रकमेतून आपापले भलेमोठे वाटे काढून घेतले. हाच रिज पुढं चेरोकींची पूर्वेकडची सारी जमीन देणाऱ्या १८३५ च्या करारावर सही करतो आणि १८३९ मध्ये त्याच्याच घराबाहेर भोसकून मारला जातो. त्याला मॅकिंटॉशची हकिगत ऐकीव नव्हती. कराराचा कागद त्यानं स्वतः लिहिला होता.

जॉर्जियानं या जमिनीची १८२७ साली लॉटरी काढली. पिंपात चिठ्ठ्या. राज्यातला साधा गोरा माणूस, विधवा, अनाथ पोरं, जुने सैनिक, सगळ्यांना संधी. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला २०२.५ एकरांचा तुकडा, भरायचे फक्त अठरा डॉलर. आईला मी हा आकडा अजून सांगितलेला नाही. मॅकिंटॉशला पंचवीस हजार सुटले हे सगळ्या पुस्तकांत असतं, कारण तो दोषी आहे. अठरा डॉलरवाल्यांना कुणी दोषी धरत नाही. त्यांच्याकडून घेणाऱ्यांना नाही, आणि ओढ्याच्या अलीकडे, १८२१ साली अशाच लॉटरीत वाटलेल्या जमिनीवर तीस वर्षांच्या गृहकर्जानं घर घेतलेल्या आम्हालाही नाही. घर घेताना वकिलानं मालकीची साखळी तपासली तेव्हा ती सगळी स्वच्छ निघाली होती. तसं प्रमाणपत्र आहे आमच्याकडे, लॅमिनेट केलेलं.

मॅकिंटॉशची माणसं १८२८ पासून पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमात गेली. १८३६ मध्ये सैन्यानं बाकीच्यांनाही तिकडेच नेलं, मेनावालासुद्धा. आता दोन्ही बाजू पुन्हा शेजारी. अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा चिली आणि त्याचा भाऊ डॅनियल मॅकिंटॉश दक्षिणेकडून लढले, गुलाम ठेवणाऱ्यांच्या बाजूनं, आणि ओपोथलेयाहोला, आता म्हातारा, उत्तरेशी एकनिष्ठ राहिलेली हजारो माणसं घेऊन १८६१ च्या हिवाळ्यात कॅन्ससकडे निघाला. त्यात क्रीक होते, सेमिनोल होते, काळी माणसं होती. मॅकिंटॉशच्या मुलांनी त्यांचा पाठलाग केला. बर्फात माणसं मेली, छावणीत आणखी मेली, १८६३ मध्ये तोही गेला. युद्ध संपल्यावर १८६६ च्या करारात सरकारनं शिक्षा म्हणून क्रीक राष्ट्राची निम्मी जमीन काढून घेतली, बत्तीस लाखांहून अधिक एकर, एकरी तीस सेंट भावानं. ज्यांनी बंड केलं त्यांचीही आणि सरकारसाठी बर्फात मेलेल्यांचीही, सरसकट.

त्या निष्ठावंतांना मॅकिंटॉशबद्दल काय वाटत असेल हे मी ठरवू शकत नाही, आणि त्यांच्या वंशजांनी काय ठरवलं ते मात्र दिसतं. १९६१ ते १९७१ क्रीक राष्ट्राचा प्रमुख होता डब्ल्यू. ई. मॅकिंटॉश, लोक त्याला डोड म्हणत, त्याच घराण्यातला. २०२० च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ओक्लाहोमातली क्रीक राखीव भूमी कायद्यानं कधी संपवली गेलीच नव्हती, टल्सा शहराचा मोठा भाग तिच्यात येतो. त्या निकालाला आधार होता जुन्या करारांचा : १८३२ चा, १८३३ चा, आणि तो १८६६ चासुद्धा. १८२५ चा त्यात नाही, तो रद्दच झाला होता. जॉर्जियाबद्दल त्या न्यायालयाला कुणी काही विचारलेलं नाही, आणि विचारायला इथं फारसं कुणी उरलेलंही नाही.